पत्र्याच्या शेडमधला सराव आणि शेजाऱ्याची झोप

हिंगोली जिल्ह्यातल्या लहान बँड पथकांचा सराव बहुधा घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये चालतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नतिथी सुरू होतात, म्हणून दिवाळीच्या आगेमागे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बेंजो, साइड ड्रम आणि ढोल गल्लीत घुमू लागतात. वरातीला हा बँड साऱ्या गावाला हवा असतो. सरावाचा त्रास मात्र भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन-चार घरांच्या वाट्याला येतो. त्या घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे असतात, तान्ही मुले असतात, बारावीचा अभ्यास करणारी मुलगी असते. दुसरीकडे, हलगी-सनईपासून बँडपर्यंतच्या वादनावर मराठवाड्यातील मातंग समाजाची आणि इतरही अनेक कष्टकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. सराव बंद पाडणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे, आणि शेजाऱ्याला मुकाट्याने सोसायला सांगणे हाही अन्यायच. जो आवाज करतो त्याने तो अडवण्याचे कष्ट आधी घ्यावेत, हाच न्यायाचा मार्ग. हे कष्ट थोड्या पैशांतही घेता येतात.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बंद खोलीत जोरात वाजणारे ड्रम १०० डेसिबलच्या वर सहज जातात. म्हणजे भिंतीने निदान ४५ डेसिबल अडवले पाहिजेत. पातळ पत्रा जेमतेम वीस-पंचवीस अडवतो, आणि फटी असतील तर तेवढेही नाही.

आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचे वजन दुप्पट केले की साधारण पाच-सहा डेसिबल कमी होतात. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती असत. आतले बोलणे बाहेर येत नसे ते या जडपणामुळे. पण वजनाआधी फटींकडे पाहावे लागते. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकी भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून पहिला खर्च पत्रा आणि भिंत यांच्यातील नागमोडी फट सिमेंट-वाळूने बुजवण्यावर आणि दाराच्या चौकटीला रबराची पट्टी लावण्यावर व्हावा. शटर कधीच घट्ट बसत नाही. त्याच्या आत चार बोटे जागा सोडून अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत उभारली आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केला, तर ती सुमारे ४५ डेसिबल अडवते. ये-जा करण्यासाठी मग एकच जड, भरीव लाकडी दार ठेवावे. ढोलाचा हादरा जमिनीतूनही शेजारी पोहोचतो. वादकाखाली जुन्या टायरच्या तुकड्यांवर टेकलेली फळी ठेवली, तर तो कमी होतो.

छत ही सर्वांत अवघड बाजू. वजन वाढवायचे म्हणून पत्र्यावर मातीच्या गोण्या रचण्याचा मोह होतो, तो टाळलाच पाहिजे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड छपरांची घरे माणसांच्या अंगावर कोसळली, आणि २०२४ च्या मार्च व जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यालाही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. छताचे काम खालून करावे लागते: जमिनीवर स्वतंत्र खांब, त्यांवर पत्र्याला न टेकणारे जिप्सम बोर्डाचे आतले छत, मधल्या पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर). एवढा खर्च झेपत नसेल तर छतातून आवाज जाणारच हे मान्य करून वेळ आणि वाद्ये ठरवावीत.

स्वस्तातला सर्वांत घातक उपाय म्हणजे भिंतीला फोम किंवा थर्माकोल चिकटवणे. अंड्यांचे ट्रे, फोम, गोधड्या यांनी खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेर जाणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. फोम तर झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये १०० जण, तर २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात २४२ जण अशाच फोमला लागलेल्या आगीत गेले. एकच दार असलेल्या खोलीत पोरे वाजवत असतील, तर तिथे फोम लावून पैसे वाचवण्याचा हक्क कोणालाही नाही.

खोली बंद झाली की हवेचा प्रश्न येतो. हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. आतून रॉकवूल लावलेला, दोनदा वळवलेला पेटीसारखा हवामार्ग आणि त्यात छोटा पंखा असला की हवा फिरते आणि आवाज वाटेतच विरतो. वादकांचे कानही जपावे लागतात: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, तर १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटे एवढीच सुरक्षित मर्यादा मानली जाते. कानातले बोळे काही रुपयांना मिळतात, पण बँड पथकांत ते क्वचितच दिसतात.

काम झाले की तपासणी शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीत उभे राहून, त्याच्या संमतीने करायची. तिथे ढोलाचा ठोका अजून ऐकू येत असेल, तर सरावाच्या वेळा त्या घराला विचारून ठरवाव्यात; परीक्षेचे आणि दुखवट्याचे दिवस सोडावेत. ढोलाचा खर्जातला आवाज घरगुती खर्चात पूर्ण अडत नाही. त्याच्यासाठी गावाने वाटा उचलावा. अनेक गावांत समाजमंदिर किंवा सभागृह दिवसाचा बराच वेळ कुलूपबंद असते. वस्तीपासून दूरचे असे एखादे सभागृह ग्रामपंचायतीने लग्नसराईआधीचे दोन महिने दुपारच्या वेळी पथकांना उघडून दिले, तर घराच्या शेडमध्ये फक्त हलक्या वाद्यांचा सराव उरेल.