रंगाखालचा पत्रा

जुनी वस्तू विकत घेणारा मनुष्य वस्तूबरोबर तिची हकीकतही विकत घेत असतो. नव्या वस्तूला हकीकत नसते, केवळ किंमत असते. जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र हकीकत हाच अनेकदा किमतीचा मोठा हिस्सा ठरतो, आणि तेथेच नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो: रंगाखाली काय आहे हे सांगण्याचे कर्तव्य कोणाचे, आणि ते जाणून घेण्याचे कोणाचे?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका परिचित कुटुंबामुळे. घरधन्याला एम.जी.बी. जातीची, कापडी टपाची, दोन आसनांची जुनी मोटार घेऊन ती पूर्ववत करावयाची आहे. त्याच्या पत्नीचे म्हणणे असे, की मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेला पैसा गंजात घालू नये. उभयतांनी आमचे मत विचारले आहे. धर्मगुरूला मोटारीतले काय कळते, असे वाचक म्हणतील. मिशनच्या जुन्या जीपखाली ज्याने पाठ टेकली आहे त्याला थोडेफार कळते. आणि उरलेला प्रश्न मोटारीचा नाहीच.

एम.जी.बी. ही गाडी ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. उघड्या व बंद अशा दोन्ही प्रकारांच्या मिळून ५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. म्हणजे ती दुर्मीळ नव्हे, आणि म्हणूनच सामान्य पगारदाराला तिचा मोह पडतो. तिच्या आधीच्या एम.जी.ए. गाडीला स्वतंत्र चासीस होती व तिच्यावर बॉडी बसविलेली असे. एम.जी.बी.ची रचना निराळी. तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. उघड्या गाडीला छताचा आधार नसल्यामुळे तिची बहुतेक शक्ती तळात, विशेषतः दोन्ही दारांखालच्या लांबट, पोकळ उंबऱ्यांत साठविलेली असते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चिखलाबरोबर पुढच्या मडगार्डच्या मागे जाऊन बसते आणि पत्रा आतून बाहेर कुरतडत येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेले नसते.

यावरचा उपाय महाग आहे. उंबरा मडगार्डांच्या आतपर्यंत गेलेला असल्यामुळे तो बदलावयाचा तर पुष्कळ कापाकापी करावी लागते. मध्यंतरी बॉडी वाकू नये म्हणून तिला आधार द्यावे लागतात. स्वस्त उपाय असा, की कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डकवावा, खाचखळगे लांबीने बुजवावेत, घासून गुळगुळीत करावे आणि वर लाल रंगाचा हात द्यावा. अशी गाडी उन्हात फार सुंदर दिसते. दुसऱ्या वाहनाची धडक बसली म्हणजे ती आतल्या माणसांचे रक्षण कशाने करणार, हा प्रश्न छायाचित्रात दिसत नाही.

पारख करणारे म्हणूनच इंजिनाकडे शेवटी वळतात. १७९८ सी.सी.चे ते इंजिन सोशीक आहे, त्याचे सुटे भाग मिळतात, बिघडले तर दुरुस्त होते. ते आधी चुंबक घेऊन उंबऱ्यावरून फिरवितात, कारण लांबीला चुंबक धरत नाही. दार व बॉडी यांमधील फट वर आणि खाली सारखी आहे का, हे पाहतात. मग गाडी जॅकवर उचलून दार उघडून मिटवितात. दार अडकले तर गाडी मधून वाकते आहे असे समजावे. ही परीक्षा करू देण्यास जो विक्रेता तयार नाही, त्याने उत्तर दिलेलेच असते.

विक्रेत्याच्या कर्तव्याविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात जो विचार मांडला, तो या व्यवहाराला नेमका लागू पडतो. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते. विक्रेत्याने त्या मानाने किंमत उतरविली असेल, तर तोंडाने सांगितलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका पोहोचणार असेल, तर मात्र तो सांगणे बंधनकारक आहे. या कसोटीवर फाटका टप, उडालेला रंग, भोके पडलेला तळ हे सारे आंधळ्या घोड्यासारखे उघड दोष होत. लांबीखाली झाकलेला उंबरा हा गुप्त दोष. आमच्या मते येथे एक पाऊल पुढे गेले पाहिजे. गुप्त दोष पुष्कळदा आपोआप गुप्त राहिलेला नसतो. कोणीतरी हातात घासकागद घेऊन तो गुप्त केलेला असतो. असा हात फिरविणाऱ्याने पुढे मौन पाळले तरी ते मौन नव्हे, ते बोलणेच आहे.

घेणाऱ्याचीही सुटका नाही. ज्याला ती गाडी हवीच आहे, त्याचे डोळे विक्रेत्याचे निम्मे काम स्वतःच करतात. तो चुंबक खिशात ठेवतो आणि सुकाणूचक्र हातात धरून पाहतो. आमच्या परिचिताची पत्नी गंजाविषयी जे म्हणाली ते व्यवहार म्हणून अचूक आहे, कारण अशा गाडीची खरी किंमत खरेदीनंतर पत्रेकामाच्या बिलात कळते. गाडी घ्यावयाचीच असेल तर जिचा गंज उघडा दिसतो ती घ्यावी, नाहीतर जिच्या दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व बिले आहेत ती. चकचकीत पण मुकी गाडी घेऊ नये, असे आम्ही त्या दोघांना कळविले आहे. कायद्यावर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या व मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. सर्वांत तरुण एम.जी.बी.सुद्धा आता या सवलतीत बसते. तपासणी गेली, जबाबदारी मालकाकडे राहिली.

आता दुसरा प्रश्न. उंबरे बदलले, तळ बदलला, इंजिन बदलले, तर ती तीच गाडी राहिली काय? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात थीसियसचे जहाज प्रत्येकाला भेटते. अथेन्सवासी त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत राहिले, असे प्लुटार्क सांगतो. विद्यार्थिदशेत आम्हांला हा शब्दांचा खेळ वाटे. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे तो खेळ एक कोटी पौंडांचा झाला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली गाडी त्या किमतीला विकली गेली होती. मधल्या काळात तिचे भाग वारंवार बदलले होते. १९३२ साली ब्रुकलँड्स येथील अपघातात क्लाइव्ह डनफी ती चालवीत असताना मृत्यू पावला, त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. विजयाच्या दिवसातले फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, म्हणून घेणाऱ्याने हरकत घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला तो असा, की ती मूळ स्थितीतील गाडी नसली तरी अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे, कारण तिचा इतिहास अखंड आहे आणि ते नाव सांगणारी दुसरी गाडी नाही.

हा निर्णय आम्हांला पटतो. आपल्या गावांतील देवळांच्या कौलांपैकी पहिले कौल किती उरले आहे? पण याच न्यायाने हकीकतीत खोटे घालणारा, म्हणजे दुसऱ्या इंजिनावर जुना क्रमांक ठोकणारा, गाडीचे जे नुकसान करतो ते गंजही करू शकत नाही. १९७४ नंतरच्या एम.जी.बी.ला काळे रबरी बंपर आले. ते काढून जुने चकाकते बंपर लावण्याची हौस अनेकांना असते. त्यात पाप नाही. मात्र विकताना तसे सांगावे.

अवघड गोष्ट पुढेच आहे. १९८८ पासून मूळ साच्यांच्या साहाय्याने एम.जी.बी.च्या संपूर्ण नव्या बॉड्या तयार होऊ लागल्या. समजा, एकाने आपल्या गाडीचे सर्व भाग नव्या बॉडीत बसविले आणि जुनी कुजकी बॉडी विकली. दुसऱ्याने ती दहा वर्षे खपून उभी केली. टॉमस हॉब्जने सतराव्या शतकात थीसियसच्या टाकलेल्या फळ्यांपासून दुसरे जहाज बांधून हीच अडचण केली होती. आमचा कौल पहिल्या गाडीला आहे, कारण कागद, मालकी आणि वापर यांत तिच्याबाबत खंड पडलेला नाही. दुसरी कदाचित अधिक चांगली धावेल. तिने निराळा क्रमांक घ्यावा.