मत मागायला उभा राहिलास ना?

दार लोटून घे आणि इकडे ये. बसू नकोस, उभाच राहा. आज परिपाठानंतर शालेय मंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्रिपदासाठी तू भाषण ठोकलंस. टाळ्या पडल्या, मित्रांनी खांद्यावर घेतलं. मी मागच्या रांगेपाशी उभी होते. अख्ख्या भाषणात तुझं स्वतःचं असं एक वाक्य मला ऐकू आलं नाही.

सुरुवात महाराजांच्या जयघोषाने. अरे, त्या नावाला मुलं टाळ्या देणारच, त्या तुझ्या कशा झाल्या? मग मोबाइलवरून उचललेल्या चारोळ्या, त्याही घसा ताणून. आणि आश्वासनं कोणती? गृहपाठ बंद, दर शनिवारी सुट्टी. यातलं काय तुझ्या हातात आहे? पाचवीच्या पोरांना मात्र ते खरं वाटलं. मधल्या सुट्टीत दोघं मला विचारायला आली, 'बाई, शनिवारी यायचं नाही ना?' त्यांना काय उत्तर देऊ, सांग.

या पदाला काय करता येतं, हे विचारलंस कुणाला? वाचनालयाचा तास दर आठवड्याला बुडतो, त्याचा पाठपुरावा करता येतो. मैदान कायम दहावीच्या ताब्यात असतं, त्याचं वेळापत्रक लावून घेता येतं. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे. मैत्रिणीला दाराशी उभं करून मुली आत जातात. तुला हे माहीत नाही, कारण तू एकाही मुलीशी बोलला नाहीस. केतकीपाड्याहून चालत येणाऱ्या मुलांना पावसात पोहोचायला उशीर झाला की रोज वर्गाबाहेर उभं राहावं लागतं. वर्गशिक्षकांकडे त्यांची बाजू मांडणं तुझं काम होतं. सहावीच्या वर्गात पाऊल तरी टाकलंस का? आधी ऐकायचं असतं, मग बोलायचं. समोरच्याची अडचण त्याच्याच शब्दांत सांगितलीस, की तो मान वर करून ऐकतो. ओरडावं लागत नाही.

तुला हा पोरखेळ वाटतो. कॉलेजात जाणाऱ्या तुझ्या ताईला विचार, असं मत तिने कधी दिलंय का. 1989 साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या थेट निवडणुकाच थांबल्या आणि 1994च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. 2016च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली, पण 2019 साली ठरलेलं मतदान विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेलं. म्हणजे मतपत्रिका नववीतल्या तुझ्या हातात आहे आणि तुझ्याहून मोठ्या मुलांच्या हातात नाही. आणि तिचं तू हे केलंस!

तुझे काका फ्लेक्स छापून देणार आहेत, असं कानावर आलंय. ते इथे चालणार नाही. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने कॉलेजच्या मुलांनासुद्धा छापील पोस्टर नाकारली, खर्च 5000 रुपयांवर अडवला, लाउडस्पीकर काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली त्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. पैसा आणि भोंगा गेला की उमेदवाराकडे उरतो फक्त शब्द. गरिबाघरचं पोर आणि श्रीमंताघरचं पोर तिथे एका रेषेत येतं. तुझ्यापाशी तो शब्द होता. गेल्या वर्षी कथाकथनात मी तुला ऐकलंय, म्हणून आज इतका राग आलाय.

आता शेवटचं, आणि मान वर करून ऐक. तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या मुलीची मराठी तू माईकवर वेडावून दाखवलीस. तिच्या घरी मराठी बोलत नाहीत. ती इथे येऊन शिकली आणि तुझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. सगळा हॉल हसला, तेव्हा ती हातातला कागद दुमडत होती. तरीही उठून पूर्ण बोलली. कडीचा विषय तिने काढला होता, तुझ्या लक्षातही नसेल.

मतदान शनिवारी आहे. उद्या परिपाठाला, त्याच माईकवर, आधी तिची माफी मागायची. गृहपाठ आणि सुट्टीची आश्वासनं मागे घेतो, असं स्पष्ट सांगायचं. मग तीन मिनिटं भाषण. एकच काम सांग, ते कुणाकडून आणि कधीपर्यंत करून घेणार ते सांग, जमणार नाही तेही सांग. आज मधल्या सुट्टीनंतर सहावीचा वर्ग मोकळा आहे, मी तिथल्या बाईंना सांगितलंय. वही घेऊन जा. आणि तिथे गेल्यावर बोलू नकोस, लिहून घे.