साठीनंतरची पाटी

निवृत्तीनंतर माणसाने करायचं काय, हा प्रश्न तसा अलीकडचा. 1889मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीत वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट होती 70. ती 65वर यायला 1916 उजाडावं लागलं. कष्टाने झिजलेल्या कामगाराला शेवटची चार वर्षं भाकरीची ददात पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याने त्या वर्षांत काही शिकावं, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

त्याच 1916 साली इकडे महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते 1914मध्ये निवृत्त झाले होते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी नवा डाव मांडला. 1929मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान असे जग पाहायला निघाले. आपण मात्र अशा माणसाला अपवाद ठरवून देव्हाऱ्यात बसवतो आणि स्वतः मोकळे होतो.

पुढे आयुर्मान वाढलं, पण विचार मागेच राहिला. 1961मध्ये कमिंग आणि हेन्री या अमेरिकी अभ्यासकांनी असं मांडलं की, म्हातारपणी माणसाने हळूहळू समाजातून अंग काढून घेणं स्वाभाविकच आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला. खरं उत्तर दिलं ते फ्रान्समधल्या तुलूझ शहराने. 1973मध्ये पिएर व्हेला यांनी तिथल्या विद्यापीठाचे दरवाजे निवृत्तांसाठी उघडले. ही कल्पना 1981च्या सुमारास केंब्रिजला पोहोचली, तेव्हा इतिहासकार पीटर लॅसलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं रूपच बदललं. परीक्षा नाही, पदवी नाही, पगारी प्राध्यापकही नाहीत. ज्याला जे येतं ते त्याने शिकवावं आणि जे येत नाही ते दुसऱ्याकडून शिकावं. या साऱ्या प्रवासातलं हे वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं. निवृत्त माणूस इथे प्रथमच कुणाच्या दयेचा विषय उरला नाही.

अलीकडे मात्र गाडी पुन्हा घसरली आहे. मेंदू तल्लख राहावा म्हणून शब्दकोडी सोडवा, अ‍ॅपवरचे खेळ खेळा, असा सल्ला जो तो देतो. 65च्या पुढच्या 2,832 जणांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2002मध्ये आले. स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं, वेगाचा सराव केलेल्यांचा वेग वाढला. एकाचा लाभ दुसरीकडे फारसा पोहोचला नाही. मग जे शिकायचं ते त्याच्याच ओढीने का शिकू नये?

मोडीच्या वर्गात बसलेले निवृत्त लोक पाहा. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जायचं; शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. आयुष्यभर इतरांच्या फायलींवर शेरे मारलेला माणूस इथे एका अक्षरापाशी अडतो, शेजाऱ्याला विचारतो. दहा मिनिटांनी जुन्या खरेदीखतातलं गावाचं नाव लागतं, तेव्हा त्याचा चेहरा उजळतो. त्याला मेंदूची आठवणही नसते. पुण्याच्या पुराभिलेखागारात वाचणाऱ्यांची वाट पाहत अशी लाखो मोडी कागदपत्रं पडून आहेत.

आणि ज्यांना निवृत्ती कधी मिळालीच नाही, त्यांचं काय? ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. विळा-खुरपं धरून राठ झालेल्या बोटांनी पाटीवर अक्षरं गिरवली आणि अंगठ्याच्या जागी सही आली. ना पेन्शन, ना बढती, ना प्रमाणपत्राचा उपयोग. शिकण्याची हौस इतकी निखळ मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

पुरुष निवृत्त होतो तेव्हा त्याचा वेळ त्याचा होतो. त्याच घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र तेव्हा एक जास्तीचा चहा आणि नातवंडांची शाळा येते. म्हणून एक विनंती करतो. घरातल्या आईला, आजीला, सासूबाईंना काय शिकायचं राहून गेलं, ते एकदा विचारा आणि त्यांचे दुपारचे दोन तास यापुढे कुणी मागू नका.