दोन चुकांतील निवड

वाणिज्यशाखेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षास संख्याशास्त्राचे जे पुस्तक लावलेले असते, त्यातील सरावाची उदाहरणे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी, महाविद्यालयात म्हणा की पुढे खात्याच्या परीक्षेसाठी म्हणा, केव्हा ना केव्हा सोडविलेली असणार. त्या उदाहरणांचे एक स्वतंत्र जग असते. तेथे पिशवीतून तांबडे-पांढरे चेंडू निघतात, गिरणीत सुताची ओढ मोजली जाते, व्यापारी दिव्यांच्या पेट्या तपासून घेतो, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. उत्तर चुकले तर गुण जातात. त्याखेरीज कोणाचे काही जात नाही. याच निरुपद्रवीपणामुळे त्या उदाहरणांपैकी एकात दडलेला प्रश्न गणिताचा नसून नीतीचा आहे, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटते असे आम्हांस वाटते.

ते उदाहरण दिव्यांच्या पेटीचे. व्यापाऱ्याने नियम केला आहे की पेटीतून कोणतेही वीस दिवे काढावयाचे आणि त्यांत सदोष दिवा एकापेक्षा अधिक निघाला नाही तर पेटी ठेवून घ्यावयाची. दोन निघाले तर परत पाठवावयाची. नियम सुबोध आहे, आणि दोन्ही पक्षांस सारखाच लागू असल्यामुळे न्याय्यही भासतो. आता थोडा हिशेब करावा. ज्या कारखान्याच्या मालात शेकडा दोनच दिवे सदोष आहेत, म्हणजे जो माल सर्वांच्या मते चांगला, तोही या कसोटीवर शंभरातून सहा वेळा परत जाईल. उलट ज्या मालात शेकडा दहा दिवे सदोष आहेत तो शंभरातून एकोणचाळीस वेळा खपून जाईल. संख्याशास्त्रज्ञ पहिल्या संभाव्यतेस उत्पादकाची जोखीम म्हणतात आणि दुसरीस ग्राहकाची. नियम अधिक कडक करून वीसांत एकही सदोष दिवा चालणार नाही असे ठरविले, तर ग्राहकाची जोखीम बारांवर येते. परंतु त्याच क्षणी चांगल्या उत्पादकाची जोखीम सहांवरून तेहतीसांवर चढते. वीसांच्या नमुन्यावर निर्णय करावयाचा असेल तोपर्यंत एकाची जोखीम दुसऱ्याच्या पदरात टाकण्यापलीकडे काहीही करता येत नाही. नमुना मोठा घेतला तर दोन्ही घटतात हे खरे. पण मोठ्या नमुन्यास वेळ लागतो, माणसे लागतात, आणि तो खर्चही शेवटी कोणीतरी सोसतोच.

या दोन चुकांना स्वतंत्र नावे देऊन त्यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळात घालून दिली. गृहीत खरे असता ते नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक. ते खोटे असता पत्करणे ही दुसऱ्या प्रकारची. त्याआधी १९२५ साली रोनाल्ड फिशर यांनी आपल्या ग्रंथात शेकडा पाचाची मर्यादा सोयीची म्हणून सुचविली होती. सोयीची, एवढेच. पुढे ही सोय पाठ्यपुस्तकांत शिरली आणि तिला शास्त्रवचनाची प्रतिष्ठा आली. आज विद्यार्थी शेकडा पाच हा आकडा निसर्गातून आल्यासारखा वापरतो. शेकडा पाच कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर, हे त्यास कोणी विचारावयास लावीत नाही.

फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात मात्र हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही दिले गेले आहे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्यास शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपल्याकडे चित्रपटांतील वकिलांनीसुद्धा घासून गुळगुळीत केले आहे. ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात हे प्रमाण दहास एक असे मांडले होते. दहा की शंभर हा वाद निराळा. महत्त्वाचे हे की येथे समाजाने दोन चुका शेजारी ठेवल्या, दोन्ही टाळता येत नाहीत हे पत्करले, आणि कोणती चूक आपण अधिक सोसू हे सांगून टाकले. कारभाराच्या इतर क्षेत्रांत हे असे सांगितले जात नाही. तेथे रेषा तेवढी आखली जाते.

अशा एका रेषेविषयी आपल्याकडे जो वाद झाला तो आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो, आणि तो मुख्यतः दोन मराठी विद्वानांत झाला हे येथे सांगण्यास हरकत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज दरडोई २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेतले जाते ती पातळी त्यांनी रेषा म्हणून धरली. १९६०-६१ च्या किंमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये निघाली. आणि त्या रेषेखाली खेड्यांतील सुमारे शेकडा ४० व शहरांतील सुमारे शेकडा ५० लोक सापडले. या आकड्यांचा पुढे धोरणांवर जो परिणाम झाला तो सर्वश्रुत आहे.

या प्रकारच्या मोजणीवर आक्षेप घेतला तो पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, जेथे नेमन आणि पिअर्सन होते तेथेच, १९३६ साली डॉक्टरेट मिळविली होती. पुढे कृषी संशोधन परिषदेत आणि नंतर सुमारे वीस वर्षे रोम येथे अन्न व कृषी संघटनेत काम केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सरासरी गरज म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. वय, वजन आणि काम सारखे असलेल्या माणसांतही गरजेत फरक असतो. इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरज आणि आहार दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतात, आणि शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःस जुळवून घेते. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी असे धरले, तर पुरेसे खाणाऱ्या पुष्कळांची गणना उपाशांत होईल. म्हणून रेषा सरासरीवर न आखता तिच्या खाली दोन प्रमाण विचलनांवर आखावी. तशी ती आखताच उपाशांची संख्या अर्थातच पुष्कळ घटली.

येथे वाचकाने कागद-पेन्सिल घ्यावी अशी आमची विनंती आहे. आकडे सरावासाठी घेतले आहेत. कोणाच्याही अहवालातील नाहीत. समजा, सरासरी गरज २४०० उष्मांक, प्रमाण विचलन २४०, आणि गरजांचे वितरण प्रसामान्य. सुखात्म्यांच्या पद्धतीने रेषा १९२० वर येईल. एक माणूस रोज २००० उष्मांक खातो. तो रेषेच्या वर आहे, म्हणून उपाशी नाही. परंतु त्याची गरज २००० हून कमी असण्याची संभाव्यता किती? रेषा नव्हे, वितरणच पाहिले तर शेकडा पाचही नाही. म्हणजे शंभरातून पंचाण्णव वेळा जो उपाशी असणार त्यास आपण तृप्त ठरविले! इतक्यावरून सुखात्म्यांचा पक्ष कोसळला असे वाटेल. परंतु या हिशेबात आम्ही एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे. माणूस किती खातो आणि त्यास किती लागते या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे ते गृहीत. ज्यास कमी लागते तोच कमी खातो असे असेल, तर २००० खाणाऱ्या माणसाची गरज बहुधा २००० च्या आसपासच असणार, आणि वरची पंचाण्णवाची संख्या निरर्थक होते. सशर्त संभाव्यतेचा जो धडा विद्यार्थी पत्त्यांच्या कॅटावर गिरवितो तोच येथे लक्षावधी ताटांवर गिरवावा लागतो.

मग आहार आणि गरज यांचा संबंध कसा? पोटभर मिळणाऱ्या घरात तो बराच दृढ असावा: भूक असेल तितके खाल्ले जाते. ज्या घरात धान्य आठवड्याच्या मध्यास संपते तेथे आहार भुकेवर नव्हे, डब्यात काय उरले त्यावर ठरतो. म्हणजे सुखात्म्यांचे गृहीत ज्यांना ते लावण्याची गरजच नाही त्यांना उत्तम लागू पडते, आणि ज्यांच्यासाठी सारा खटाटोप त्यांना सर्वांत कमी. शिवाय कमी अन्नाशी जुळवून घेतलेले शरीर निरोगी म्हणावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. डेव्हिड सेक्लर यांनी अशा शरीरांचे ‘लहान पण निरोगी’ असे वर्णन केले, तेव्हा सी. गोपालन यांच्यासारख्या आहारशास्त्रज्ञांनी त्यास कडाडून विरोध केला, आणि आमच्या मते तो योग्यच होता. अंगमेहनत कमी करून, वाढ खुंटवून साधलेले जुळवून घेणे हा काटकसरीचा प्रकार आहे, आरोग्याचा नव्हे. तथापि सुखात्मे कृपण वृत्तीने बोलत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाल्लेले अन्न अंगी लागावयाचे तर स्वच्छ पाणी हवे, स्वच्छता हवी, असा त्यांचा आग्रह होता. केवळ उष्मांक मोजणारे या गोष्टी विसरतात हे त्यांचे दुखणे होते. आणि एखाद्या चुकीच्या मोठ्या आकड्याने मदतीचे पाणी सर्वत्र थोडे-थोडे शिंपडले जाऊन कोठेच मूळ ओले होत नाही, ही त्यांची भीतीही निराधार नव्हती.

आम्ही दांडेकरांच्या बाजूचे आहोत. पण ते गणितामुळे नव्हे. उपाशी माणसास तृप्त म्हणणे आणि तृप्त माणसास उपाशी म्हणणे या दोन चुकांत पहिली आम्हांस भारी वाटते, आणि ती भारी आहे हे कोणतेही कोष्टक सिद्ध करून देत नाही. दोन प्रमाण विचलने खाली जा असे सांगणारा शास्त्रज्ञसुद्धा ही निवड करीतच असतो. फरक एवढाच की त्याची निवड सूत्राच्या पोटात असल्यामुळे ती निवड आहे हे दिसत नाही.

आता आमच्या वाचकांच्या टेबलाकडे येऊ. १९९७ साली शिधावाटप सर्वांसाठी न राहता लक्ष्याधारित झाले आणि तेव्हापासून ‘अपात्र’ हा शब्द फायलींतून सर्वत्र फिरू लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील शेकडा ७५ आणि शहरी भागातील शेकडा ५० पर्यंत लोकांना कक्षेत घेऊन रेषा पुष्कळ वर नेली. पण रेषा राहिली. अपात्रास लाभ दिला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वसुली लागते, खुलासा मागविला जातो. पात्रास नाकारले तर काय होते? बहुधा काहीच नाही. नाकारलेल्याची फाईल बंद होते. तो बोलला तर मातृभाषेत बोलतो, आणि ती भाषा परमुलखात बदलून आलेल्या अधिकाऱ्यास धड कळत नसते. एका चुकीची नोंद होते आणि दुसरीची होत नाही, अशा व्यवस्थेत प्रामाणिक अधिकारीसुद्धा हळूहळू एकाच बाजूस झुकतो. त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु दोन परड्यांपैकी एकीतच वजने टाकणारा तराजू त्याने तयार केलेला नाही.

मग रेषा सोडून प्रत्येकाची परिस्थिती पाहून निर्णय करावा, असे कोणी म्हणेल. या सूचनेत माणुसकी आहे, पण धोकाही आहे, आणि तो सुखात्म्यांनीच दुसऱ्या एका प्रसंगी दाखविला होता. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात यदृच्छेने तुकडा आखून कापणी करतात. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखविले की तुकडा फार लहान असला की उतारा खऱ्यापेक्षा अधिक निघतो. कारण कडेवरचे ताट आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. कोणी लबाडी करीत नाही. प्रत्येक वेळी चूक इवलीशी असते, परंतु ती एकाच दिशेची असते. म्हणून हजार तुकड्यांची सरासरी काढली तरी ती जात नाही. जी चूक दोन्ही बाजूंस विखुरते ती संख्येने विरते. जी एका बाजूस ओढते ती संख्येने पक्की होते. माणूस पाहून निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कडेवर कोण उभा असतो? जातीचा, ओळखीचा, नीट बोलता येणारा, की दाराबाहेरच थबकलेला?

तेव्हा रेषा ठेवावीच लागेल, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चुका मोजाव्या लागतील. मंजूर प्रकरणांची तपासणी होतेच. नामंजूर प्रकरणांतून वर्षातून एकदा यदृच्छेने वीस काढून त्या घरी जाऊन पाहणे हे कोणत्याही जिल्हा कार्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. त्यास नवीन पद लागत नाही की नवीन कायदा लागत नाही. यदृच्छेने मात्र खरोखरीच. वर पडलेल्या वीस फायली म्हणजे यदृच्छा नव्हे. आणि वीसही प्रकरणांत नकार बरोबर ठरला तर? तर दिव्यांच्या पेटीचा हिशेब पुन्हा करावा. खरोखर शेकडा चौदा नकार चुकीचे असले तरी वीसांच्या नमुन्यात त्यांपैकी एकही न सापडण्याची संभाव्यता शेकडा पाचाच्या जवळपास असते. वर्षास हजार अर्ज नामंजूर करणाऱ्या कार्यालयात ही एकशेचाळीस घरे होतात. पुढच्या वर्षी नमुना साठांचा घ्यावा.