रुसायला काठ नाही

कर्जतच्या आमच्या दोन खोल्यांत भांडण झाले की मी चपला सरकवून उल्हासच्या काठी जाऊन बसतो. परवा ही म्हणाली, "नावेत असतो तर कुठे गेला असतात?"

मला नौदलाच्या दिलना आणि रूपा आठवल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून ५६ फुटी 'तारिणी' या शिडाच्या नावेतून दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतल्या २९ मे २०२५ ला. तिथे रुसायला काठ कुठला? एक पहाऱ्यावर, म्हणून दुसरीला झोप.

सोबत म्हणजे तरी दुसरे काय? निर्धास्त झोपणे मला जमते. पहारा मात्र वीस वर्षे हिचाच. मग मी सोबती की नुसता उतारू?

यंदा नरकचतुर्दशीला पहाटेचा बंब मी पेटवणार आहे. ही झोपेल ना?