निरोप्याचा धर्म

निरोप नेणाऱ्याने तो समजून घ्यावा की नाही, हा वाद जुनाच आहे. आमच्या शाळेच्या कचेरीत तो नव्याने निघाला, कारण जनरल रजिस्टरातील नावे आणि मुलांचे फोटो एका डेटाबेसमधून दुसऱ्यात न्यायचे होते. मी भाषेचा मास्तर, म्हणून नावे तपासायला मला बसविले.

यंत्राला अक्षर ठाऊक नसते, आकडे ठाऊक असतात. युटीएफ-८ या संकेतात ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट. संकेत सांगायचा राहिला, तर नवे कोठार त्यांना तीन परकी चिन्हे समजते आणि ‘माधव’चा पाचोळा होतो. तरी हा अपराध मी लहान मानतो. आकडे शाबूत असले, तर योग्य संकेत लावून माधव परत मिळतो. फोटोतही आकडेच, पण ती अक्षरे नव्हेत. अक्षरे समजून त्यांचे रूपांतर करू जाणारा चेहराच बिघडवतो. ते पाकीट बंदच न्यावे.

खरी कसोटी पुढेच आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ‘युटीएफ-८’ सोयीत एका अक्षराला तीनच बाइट मिळत. देवनागरीला ते पुरतात. आपल्या मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, आणि तिच्या प्रत्येक अक्षराला चार लागतात! (चारांची सोय २०१० सालीच झाली होती, पण जुनी कोठारे कोण बदलतो?) अशा कोठारात मोडी अक्षर आले, की कडक शिस्तीचे यंत्र अडून बसते. सैल शिस्तीचे मात्र तेथून पुढचा मजकूर कापते, एक बारीकशी सूचना देते आणि काम झाले म्हणते. कोठे न मावणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. आणि ते कोणत्या अक्षराचे, हे त्या चिन्हाला विचारून कळत नाही.

लोक अडणाऱ्यावर चिडतात, निमूटपणे काम उरकणाऱ्याला शहाणा म्हणतात. वाचकहो, मी त्या अडेलतट्टूच्या बाजूचा आहे. नाव तुटलेल्या मुलाला ते कळते दहा वर्षांनी, शाळा सोडल्याचा दाखला मागायला आल्यावर. तोवर जुने कोठार मोडीत निघालेले असते.

म्हणून जुने पुसण्याआधी आम्ही नावे मोजली. मोजणी बरोबर आली. पण तुटलेले नावही मोजणीत एकच भरते. तेव्हा एकेक वाचायला घेतले: आधी गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे.