भीती कोणाला सांगाल?



दुपारची वेळ आहे असे समजा. नोएडातल्या एका उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर, आई घरी एकटी आहे. मुलगा आणि सून कामावर, नातू शाळेत. फोन वाजतो. व्हिडिओवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला अटक झाली आहे, असे तो दरडावून सांगतो. मग दोन आज्ञा देतो: फोन बंद करायचा नाही आणि कोणाला काही सांगायचे नाही.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची ही फसवणूक आता दिल्ली काय, पुणे-मुंबई काय, सगळीकडे चालते. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मधून हे सांगितले. तरीही शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसे तिच्यात सापडतात. त्यांना अक्कल नव्हती, असे म्हणण्याची घाई करू नये. मनाचे एक मर्म त्या ठगाला ठाऊक असते. माणूस एकटा असेपर्यंतच भीती एवढी मोठी दिसते. म्हणून पैसे मागण्याआधी तो त्याला एकटे पाडतो.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना भगवंतांनी पहिले नाव अभयाचे घेतले. दान, सत्य, दया हे गुण त्याच्या मागून येतात. आपण तो क्रम वाचून पुढे जातो. पण पाहा, साहेबाला घाबरणारा खरे कसे बोलेल? उद्याच्या चिंतेने गांगरलेल्याचा हात दानासाठी कसा सुटेल?

मग अभय म्हणजे भीती मुळीच न वाटणे का? मला तसे वाटत नाही. दिल्लीत राहणाऱ्यांनी कधी चांदणी चौकातल्या शीशगंज गुरुद्वाऱ्यात जाऊन थोडा वेळ बसावे. १६७५ मध्ये येथे औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. त्याआधी भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला यांनी यातना सोसून प्राण दिले होते. आपण तेथे हात जोडतो आणि मनात म्हणतो, ते महापुरुष, आपण साधी माणसे.

म्हणून मी तुम्हाला त्या प्रसंगातल्या दोन साध्या माणसांकडे नेतो. गुरूंच्या देहाला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. समाजाने खालच्या मानलेल्या जातीतले भाई जैता गुरूंचे शिर घेऊन निघाले आणि दिल्लीहून आनंदपूरला पोहोचले. धड नेले लखी शाह बंजारा यांनी. बैलगाड्यांच्या तांड्याने माल वाहणारा हा व्यापारी. शीख परंपरा सांगते की, मुले आणि सोबती घेऊन त्यांनी गाड्या त्या बाजूने हाकल्या, धड मालाखाली झाकले आणि रायसीना गावातल्या आपल्या घरी आणले. उघड अंत्यसंस्कार करावा, तर शिपाई येणार. तेव्हा त्यांनी देह घरात ठेवला आणि घरालाच आग लावली. बघणाऱ्याला वाटावे, घर पेटले. त्या जागी आज रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे, संसद भवनाजवळ.

लखी शाह घाबरले नसतील? घर, मुले, बैल, धंदा, सारेच पणाला लागले होते. घाबरलेच असतील. पण ती भीती मनात घेऊन ते एकटे बसले नाहीत. ज्यांना सांगता येईल अशी माणसे त्यांच्याजवळ होती.

गुरू तेगबहादुरांच्या वाणीत भय न बाळगण्याबरोबरच भय न देण्याचाही आग्रह आहे. ही दुसरी बाजू आपण विसरतो. अकराव्या मजल्यावरच्या त्या आईकडे परत या. ती मुलाला फोन का करत नाही? ठगाने मना केले म्हणून, हे खरेच. पण मागच्या महिन्यात मोबाइलवर तिच्याकडून काही चुकले, तेव्हा मुलगा ओरडला होता, “आई, तुला किती वेळा सांगायचं!” तिच्या तोंडाला कुलूप तेव्हाच लागले होते, आणि ते लावणारा ठग नव्हता. नापास झालेला मुलगा गुणपत्रिका लपवतो, नोकरी गेलेला बाप रोज डबा घेऊन घराबाहेर पडतो, त्या घरांतही असे एखादे कुलूप असते.

तेव्हा या आठवड्याची साधना घरातच करा. संध्याकाळची प्रार्थना झाली की सगळ्यांनी दहा मिनिटे बसावे आणि प्रत्येकाने आपली एक भीती सांगावी. सुरुवात घरातल्या कर्त्या माणसाने करावी, नाहीतर मुले बोलणार नाहीत. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही. पहिल्या दिवशी कोणी पालीची भीती सांगेल, हसू येईल. येऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी खरे सांगेल. त्या वेळी मात्र उठून जाऊ नका, हातात फोन घेऊ नका.

सायबर फसवणुकीच्या मदतीचा १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. त्याखाली शेजारच्यांचा आणि तुमचा. आणि आजच आईजवळ बसून तिला सांगा, “असा फोन आला तर सरळ बंद कर, शेजारच्या काकूंचं दार वाजव आणि मला कळव. पैसे गेले असले तरी सांग. मी रागावणार नाही.”